तणात हरवलेले अडीच गुंठे

पत्र:

"तीन वर्षं अलॉटमेंटच्या, म्हणजे काउन्सिल (इथली नगरपालिका) भाजीपाला पिकवायला भाड्यानं देते त्या जमिनीच्या, वेटिंग लिस्टवर होते. ऑगस्टच्या शेवटी काउन्सिलचा ईमेल आला तेव्हा स्वयंपाकघरात अक्षरशः उड्या मारल्या. प्रत्यक्ष प्लॉट पाहिला आणि रडायलाच आलं. कमरेइतकं गवत, मागच्या अर्ध्या भागात काट्यांची जाळी, त्यात रुतलेली एक मोडकी शेड आणि या सगळ्यावर चढलेली पांढऱ्या फुलांची वेल. गेले चार शनिवार मी आणि नवरा खणतोय. फार तर सहा चौरस मीटर जागा मोकळी झाली. मधे एक वीकेंड पावसात गेला, तर तिथेही पुन्हा हिरवं दिसायला लागलं! सासरे गावी शेती करतात. ते व्हिडिओ कॉलवर म्हणाले, 'एकदाचा नांगर फिरवून टाका.' शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा त्यांचा रोटाव्हेटर द्यायला तयार आहेत. पलीकडच्या बाई म्हणतात, फवारा मारा. नवरा म्हणतो, परत करून टाक. मला मेथी, कोथिंबीर आणि थोडी भेंडी लावायची होती हो, एवढंच. काय करू?
— तणात हरवलेली, लेस्टर, इंग्लंड"

उत्तर:

आधी एक काम करा. शेजारच्या आजोबांना एक चांगला केक नेऊन द्या, आभार माना आणि रोटाव्हेटर नको म्हणून सांगा. बाकीचं आपण सावकाश बोलू, पण हे या शनिवारच्या आत उरका, नाहीतर ते हौसेनं यंत्र घेऊन तुमच्या दारात उभे राहतील आणि तुम्हाला नाही म्हणवणार नाही.

हे मी अनुभवानं सांगतेय. माझ्या पहिल्या वर्षी मी एप्रिलमध्ये भाड्यानं रोटाव्हेटर आणला होता. एका दुपारीत सगळा प्लॉट असा भुसभुशीत झाला की आता नुसती पेरणी बाकी. फोटो काढून घरी पाठवले, कौतुक करून घेतलं. मेच्या मध्यावर वीतभरही जागा अशी उरली नव्हती जिथून बाणाच्या टोकासारखं पान वर येत नव्हतं. तुमच्याकडची ती पांढऱ्या फुलांची वेल, तीच ही. बाइंडवीड. तिचं मूळ जमिनीत जितक्या तुकड्यांत तुटतं, तितक्या नव्या वेली होतात. मी यंत्रानं तिचं मूळ बारीक चिरून, व्यवस्थित अंतर राखून, अख्ख्या जमिनीत लावणच केली होती म्हणा ना.

पण म्हणून सासऱ्यांचं चुकलं असं मुळीच नाही, आणि त्यांना तसं म्हणूही नका. ते सांगतात ती उन्हाळी नांगरट. एप्रिल-मेमध्ये रान खोल नांगरून उघडं टाकलं की हरळीच्या काशा (मातीखाली पसरणारी खोडं) आणि लव्हाळ्याच्या गाठी वर येतात आणि चाळीस अंशांच्या उन्हात दीड-दोन महिने भाजून वाळतात. म्हणजे नांगर तण मारत नाही, तो फक्त तणाला उन्हात आणून टाकतो. मारतं ते ऊन. आता लेस्टरचा मे महिना आठवा. रिमझिम पाऊस, गार वारा, ओली माती. उलथून टाकलेली मुळं त्यात वाळत तर नाहीतच, उलट दोन दिवसांत मान वर काढतात. सासऱ्यांना एवढंच सांगा की नांगर मिळेल हो, पण तुमचं ऊन कुठून आणू? शेतकरी माणूस आहे, लगेच कळेल त्यांना.

मग इथे ऊन नाही तर काय वापरायचं? अंधार. झाकून टाकायचं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे. सगळा प्लॉट साफ करायला जाऊ नका. तीन चतुर्थांश झाका आणि त्याच्याकडे वर्षभर पाठ फिरवा. उरलेल्यातला एक वाफा, एकच, नीट करा.

जरा हिशेब करून बघा. अलॉटमेंटचा पूर्ण प्लॉट म्हणजे जुन्या मापानं दहा रॉड, साधारण 253 चौरस मीटर. (गंमत म्हणजे हे बरोबर अडीच गुंठे होतात. रॉड असो की गुंठा, दोन्हींची बेरीज शेवटी एकाच एकरात होते. सासऱ्यांशी बोलताना उपयोगी पडेल.) चार शनिवारांत सहा चौरस मीटर, तर या वेगानं पूर्ण प्लॉटला 160 च्या वर शनिवार लागतील. वेटिंग लिस्टवर काढलीत तितकी वर्षं आणखी. आणि तुम्ही या टोकाला पोचेपर्यंत त्या टोकाला पुन्हा कमरेइतकं गवत. एक ना धड भाराभर चिंध्या. तुम्ही कमी पडत नाही आहात, गणितच चुकीचं मांडलंय.

आता कामाला लागण्याआधी एक शनिवार फक्त फिरायला ठेवा. जाड बूट आणि चामड्याचे हातमोजे घाला, हातात एक काठी घ्या आणि गवत बाजूला सारत पूर्ण प्लॉट चालून काढा. सोडून दिलेल्या प्लॉटवर काय काय निघतं! फुटक्या ग्रीनहाउसच्या काचा, गंजलेली तार, पलंगाच्या स्प्रिंगा, एकदा तर मला अख्खा बाथटब सापडला होता (तो मी ठेवला, त्यात आता पुदिना आहे). काच गवतात दिसत नाही. म्हणून स्ट्रिमर (गवत कापायचं यंत्र) लावायच्या आधी हे फिरणं झालंच पाहिजे. आणि त्या मोडक्या शेडकडे नीट बघा. छप्पर राखाडी, सिमेंटसारख्या पन्हाळी पत्र्याचं असेल तर त्याला हात लावू नका, फोडू तर मुळीच नका. जुन्या शेडवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतात. साइटच्या, म्हणजे सगळे प्लॉट मिळून जे आवार असतं त्याच्या, सेक्रेटरींना किंवा काउन्सिलला कळवा, पुढचं त्यांना ठरवू द्या. टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलंय तेही एकदा आठवून बघा.

याच फेरीत चांगल्या गोष्टीही सापडतील. तणाखाली गूजबेरी किंवा काळ्या करंटची फळझुडपं बऱ्याचदा तग धरून असतात. जमिनीलगत मोठाली, सुरकुतलेली पानं आणि लालसर जाड देठ दिसले तर तो रुबार्ब. आणि इथे मला एक गोष्ट मोठ्यानं सांगायची आहे. आपल्या बायकांना ती पानं बघून अळूची आठवण येते. माझ्या एका मैत्रिणीनं पातळभाजीसाठी पानं चिरायलाही घेतली होती. रुबार्बची पानं विषारी असतात. ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं त्यात. अळूसारखी चिंच घालून, शिजवून ती खाण्याजोगी होत नाहीत. खायचे ते फक्त देठ. त्या आंबट देठांचं लोणचं आणि वरण मात्र असं होतं की कैरीची आठवण येणार नाही. बरं, येईल, पण थोडी कमी येईल.

आता तण. सगळं तण एकच नसतं आणि सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे निदान तीन प्रकारची मंडळी आहेत.

काट्यांची जाळी म्हणजे ब्रॅम्बल, रानटी ब्लॅकबेरी. दिसायला सगळ्यांत भयंकर आणि खरं तर सगळ्यांत सोपी. लॉपरनं, म्हणजे लांब दांड्याच्या कात्रीनं, फांद्या गुडघ्याच्या खाली कापत जा. कापलेल्या फांद्या लगेच तोडून एका बाजूला रचा, नाहीतर त्याच पायात अडकतात. मग खाली जो लाकडासारखा गड्डा उरतो तो कुदळीनं खणून काढा. खोलवरच्या मुळांच्या मागे लागू नका. गड्डा निघाला की काम झालं. फक्त एक बघा, वाकून जमिनीला टेकलेल्या फांद्यांची टोकंसुद्धा मुळं धरतात, तीही उपटा. हे काम करायला आत्ताचे महिनेच योग्य. मार्च ते ऑगस्ट या जाळ्यांत पक्षी घरटी करतात आणि वापरात असलेलं घरटं मोडणं हा 1981 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. कापलेल्या काट्यांचा ढीग जाळायचा असेल तर आधी साइटचे नियम बघा आणि पेटवण्यापूर्वी ढीग एकदा उचलून दुसरीकडे रचा. थंडीत त्याखाली हेजहॉग, म्हणजे छोटे काटेरी प्राणी, येऊन झोपतात.

कमरेइतक्या गवतात निम्म्याहून जास्त काउच ग्रास असणार. ही आपल्या हरळीची इंग्लंडमधली बहीण समजा. मातीत पांढऱ्या, टोकदार काशा पसरतात, बटाट्यातूनसुद्धा आरपार जातात. पण त्या फार खोल जात नाहीत. अंधाराला गवत टिकत नाही, वर्षभर झाकलं की बहुतेक सगळं मरतं.

राहिली ती वेल. काही भागांत जिला चांदवेल म्हणतात, तिच्याच गोतातली ही. बाइंडवीडची मुळं कित्येक फूट खाली जातात, त्यामुळे ती वर्षभराच्या अंधारालाही पुरून उरते. तिचा समूळ नायनाट वगैरे होत नाही. मी अठरा वर्षं प्रयत्न करतेय. पण ती दमते. पान दिसलं की काढायचं, पुन्हा दिसलं की पुन्हा काढायचं. दोन-तीन वर्षांत मुळातला साठा संपत येतो आणि मग ती कुठेतरी कुंपणाच्या कडेला, आपण दुर्लक्ष करू तिथे, नांदते. तेवढं मी तिला चालवून घेते.

झाकायचं कसं, ते सांगते. आधी गवत शक्य तितकं खाली कापून घ्या आणि कापलेलं तिथेच पडू द्या. त्यावर काळं, जाड प्लास्टिक पसरा. शेतकरी मुरघासाच्या ढिगावर घालतात ते उत्तम, कारण ते फाटत नाही आणि पुढे कित्येक वर्षं वापरता येतं. निळी ताडपत्री नको. तिच्यातून उजेड झिरपतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या चिंध्या होतात, त्या मातीतून वेचत बसावं लागतं. जुना गालिचा तर मुळीच नको. कोणीतरी नक्की सुचवेल, आणून देईल. बऱ्याच साइट्सवर त्याला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण सिंथेटिक धागे मातीत उरतात आणि त्यात वाढलेलं गवत उपटताना गालिचा आणि गवत वेगळं करता येत नाही. प्लास्टिकच्या कडा वीतभर खोल चर खणून मातीत दाबा. नुसत्या विटा ठेवून भागत नाही. डिसेंबरातलं एखादं वादळ तुमचं प्लास्टिक उचलून तीन प्लॉट पलीकडे नेऊन टाकतं आणि मग ओळखी होतात, पण चांगल्या नाही.

झाकलं की झाकलं. उचलून बघायचं नाही. आत गोगलगायी होतील, हे खरं आहे, त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही.

आता तो एक वाफा. जागा निवडताना प्लॉटच्या मधोमध जाऊ नका. फाटकातून आत शिरलात की पहिला पाय जिथे पडतो आणि नळ किंवा पाण्याची टाकी जवळ असते, तिथे करा. तुम्ही साफ केलेले सहा चौरस मीटर सोयीच्या ठिकाणी असतील तर तेच घ्या, मेहनत वाया नको. वाफा 1.2 मीटर रुंद ठेवा म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि मातीवर कधीच पाय द्यावा लागत नाही. लांबी पहिल्या वर्षी 2.4 मीटर पुरे. हसू नका. सहा ओळी मेथी म्हणजे किती भाजी होते ते जूनमध्ये बघा.

इथे मात्र खणायचं, कारण वेल आहे. पण कसं खणायचं त्यात सगळं आलं. फावडं वापरू नका, ते मूळ कापतं. दात्यांचा फोर्क घ्या. पाऊस पडून एक दिवस गेला की माती हाताला मऊ लागते, तेव्हा फोर्क सरळ खाली दाबा, थोडा मागे झुकवा आणि माती नुसती सैल करा, उलथू नका. मग खाली बसा. हो, बसा, एखादं जुनं उशीचं अभ्रं गवतानं भरून गुडघ्याखाली घ्या. हातमोजा काढा. सैल मातीत बोटं घातली की पांढरी मुळं लागतील, भिजवलेल्या शेवयांसारखी, जरा जाड. एक टोक धरून ओढायचं ते दोरा ओवल्यासारखं, हलक्या हातानं. जरा घाई केली की टक्‌ आवाज येतो, आणि तो आवाज आला की समजायचं, खाली एक तुकडा राहिला. बाजूची माती अजून सैल करा, मूळ आडवं कुठे जातंय ते बोटांनीच बघत जा. मग एका ठिकाणी ते अचानक वळून सरळ खाली पाताळात जातं. तिथवर पोचलात की कापा आणि सोडून द्या. त्याच्या मागे जाण्यात अर्थ नाही. नवरा या कामाला कंटाळेल. त्याला ब्रॅम्बल द्या. लॉपर हातात आला की माणसं खूष असतात.

काढलेली मुळं कंपोस्टमध्ये टाकू नका. झाकणाच्या बादलीत पाणी भरून त्यात बुडवून ठेवा. महिना-दोन महिन्यांत त्याचा बुळबुळीत, सडका लगदा होतो, तो मग कंपोस्टमध्ये गेला तरी चालतो. झाकण वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून उघडू नका, एवढं लक्षात ठेवा.

खणून झालं की वाफ्यावर सुमारे 10 सेंटिमीटर जाड कंपोस्ट पसरा. 1.2 बाय 2.4 च्या वाफ्याला त्याचे 290 लिटर होतात, म्हणजे 50 लिटरच्या सहा पिशव्या. वाफ्याभोवती हातभर रुंदीत पुठ्ठे अंथरा, म्हणजे गवत कडेनं आत शिरत नाही. साधे तपकिरी खोके घ्या, चिकटपट्टी आणि स्टेपल काढून टाका, एकावर एक वीतभर चढवा. कंपोस्ट विकत घ्यावं लागेल म्हणून कोणी तरी "माझ्याकडे घोड्याची लीद आहे, फुकट घेऊन जा" असं सांगेल. जपून. कुरणातलं तण मारायला अमिनोपायरॅलिड नावाचं एक औषध वापरतात. घोड्यानं ते गवत खाल्लं तरी औषध पोटात नष्ट होत नाही, लिदीतून तसंच बाहेर येतं आणि खतात टिकून राहतं. माझ्या तिसऱ्या वर्षी एका तबेल्यातून आणलेल्या खतानं माझे सगळे टोमॅटो नेच्याच्या कोंबासारखे वळून बसले होते, आणि मी बिचारी पाणी कमी पडलं म्हणून रोज घालत होते. म्हणून कुठलीही लीद वापरायची तर आधी दोन कुंड्यांत परीक्षा घ्या. एकीत ती लीद मातीत मिसळून, दुसरीत नुसतं साधं कंपोस्ट. दोन्हींत ब्रॉड बीन (बाकला, एक प्रकारची शेंगभाजी) पेरा. तीन-चार आठवड्यांत पहिल्या कुंडीतली पानं चुरगळलेली, वाटीसारखी वळलेली निघाली तर ते खत नको.

फवाऱ्याबद्दल थोडक्यात. ग्लायफोसेट या तणनाशकानं ब्रॅम्बल आणि वेल मरतात, हे खरं. मी वापरत नाही, पण वापरणाऱ्यांना नावंही ठेवत नाही. तुम्हाला त्याची गरज नाही, कारण तुम्हाला घाई नाही. तरीही मारायचाच झाला तर आधी साइटचे नियम बघा, आणि हिवाळ्यात तर नकोच. पानं जोमात वाढत असतात तेव्हाच तो मुळापर्यंत जातो.

आता पेरणी. वाफा ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत तयार झाला तर अर्ध्यात लसूण लावा. सुपरमार्केटचा नको, लावणीसाठी मिळतो तो आणा. तो इथल्या थंडीला सरावलेला आणि रोगमुक्त असण्याची शक्यता जास्त. पाकळ्या 15 सेंटिमीटरवर, टोक वर, मातीखाली दोन-अडीच सेंटिमीटर. मग जुलैपर्यंत त्याला विसरा. पानं पिवळी पडायला लागली की उपटा. उरलेल्या अर्ध्याच्या एका कडेला नोव्हेंबरमध्ये ब्रॉड बीन पेरा, ॲक्वाडुल्स क्लॉडिया ही जात थंडीत तग धरते. पाच सेंटिमीटर खोल, वीतभर अंतरावर. वसंतात शेंड्यांवर काळा मावा येतो, तेव्हा कोवळे शेंडे खुडा. आणि ते शेंडे फेकू नका, लसूण-मिरची घालून परता.

मेथीला मे उजाडू द्या. बाजारातून बियांची पाकिटं आणू नका, स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणे घ्या, रात्रभर भिजवा आणि दाट पेरा. तीन-चार आठवड्यांत भाजी. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरत राहिलात तर ऑगस्टपर्यंत चालते. कोथिंबिरीसाठी धने लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करा. उन्हाळा तापला की ती भाजी न देता फुलोऱ्यावर जाते, तिला थोडी सावली असलेली बाजू द्या. मुळ्याला जागा उरली तर पेरा, तो चार-पाच आठवड्यांत येतो आणि सुरुवातीला काहीतरी हातात आल्याचं समाधान देतो. हा सगळा माल घरासाठी आणि मैत्रिणींसाठी हं. 1922 च्या कायद्यात अलॉटमेंटची व्याख्याच मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यापुरतं पिकवण्याची जागा अशी आहे. मेथीच्या जुड्या विकायला बसलात तर पंचाईत.

भेंडीचं मात्र मन घट्ट करून सांगते, पहिल्या वर्षी नको. तिला उबदार रात्री लागतात. उघड्यावर ती हातभर वाढते, चार भेंड्या देते आणि त्यातली तुमच्या वाट्याला आलेली गोगलगायीनं चाखलेली असते. पुढे कधी ग्रीनहाउस झालं तर बघू. त्याऐवजी भोपळा लावा, आणि तो कुठे, तर त्या काळ्या प्लास्टिकवर! एप्रिलच्या मध्यावर घरात, खिडकीत, छोट्या कुंडीत बी आडवं नाही, उभं कडेवर पेरा. मेच्या अखेरीस हिमाची भीती संपली की प्लास्टिकला फुली मारल्यासारखी चीर द्या, खाली फावडंभर खड्डा करा, तो कंपोस्टनं भरा आणि रोप लावा. दोन रोपं तीन-तीन मीटर वेल टाकतात. वर भोपळा फोफावतो, खाली गवत मरतं, आणि इन्स्पेक्शनला येणाऱ्या माणसाला प्लॉट लागवडीखाली दिसतो. शेवटचा मुद्दा लहान वाटतो, पण बहुतेक करारांत किती जमीन लागवडीखाली हवी हे लिहिलेलं असतं आणि काही ठिकाणी नुसतं झाकलेलं रान पडीक धरतात. तुमचा करार काढून ते कलम वाचा.

आता नवऱ्याच्या "परत करून टाक"बद्दल. त्याच्या कमरेचं ऐकायला हवं, पण प्लॉट परत करायच्या आधी एक मधला रस्ता आहे. काउन्सिलच्या अनेक साइट्सवर अर्धा प्लॉट ठेवता येतो. सेक्रेटरींना आजच लिहा. फार मोठं नको. "प्लॉट अतिशय वाढलेला मिळाला आहे. यंदा आम्ही एक वाफा करतोय, उरलेला भाग झाकून ठेवतोय आणि उन्हाळ्यात त्यावर भोपळा लावणार आहोत. इन्स्पेक्शनच्या वेळी हे लक्षात घ्यावं. मागचा काटेरी अर्धा भाग दुसऱ्या कुणाला देता आला तर आमची हरकत नाही." पहिल्या दिवशीचे फोटो काढले असतील तर सोबत जोडा. नसतील काढले तर या शनिवारी, ब्रॅम्बलला हात लावायच्या आधी काढा.

आणि दोन तासांच्या वर काम करायचं नाही, मग हातातलं अर्धं राहिलं तरी चालेल. थर्मासमध्ये चहा न्या. त्या रोटाव्हेटरवाल्या आजोबांना हाक मारा आणि त्यांचा लसूण कधी लावतात ते विचारा. त्या मातीत इतकी वर्षं राबलेल्या माणसाला आधी कुणी लावलेल्या लसणावर पांढरी बुरशी पडली होती का, हेही माहीत असेल. पडली असेल तर ती मातीत वर्षानुवर्षं राहते. मग लसूण या वाफ्यात नको, मोठ्या कुंडीत लावा आणि इथे सगळीकडे ब्रॉड बीनच पेरा.